ढेळजेतली हेराल्ड

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा काकांनी सगळ्यात आधी वाड्याचा दरवाजा मोजला. अँबेसेडर आत येणार नाही हे सुतळी लावल्याबरोबर कळलं. फियाटला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि थांबणं काकांना जमणारं नव्हतं. डॉक्टरकी ते हैदराबादला शिकलेले. तिथल्या एका जुन्या मित्रामार्फत त्यांना वापरलेली स्टँडर्ड हेराल्ड मिळाली. साल १९७४. दोन दारांची, फिकट निळी, रुंदीला पाच फूट. लातूर, अंबाजोगाई करत ती धारूरला आली, पेठेत वळली आणि दोन्ही अंगांना चार-चार बोटं राखून ढेळजेत शिरली. त्यासाठी दगडी उंबरा काढावा लागला. आजी त्या दिवशी जेवली नाही म्हणतात.

आमच्याकडच्या वाड्यांना दरवाजातून आत आलं की ढेळज लागते. दोन्ही बाजूंना ओटे, मधून वाट. ओट्यावर माणसं बसायची, वाटेनं गुरं आत जायची. आमच्या घरी ती मधली वाट हेराल्डनं घेतली, आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं घरातली माणसं ओट्यावरून आत-बाहेर करत राहिली. पाहुणे आले की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "जपून, आरसा लागेल." नवी सून घरात आली तीसुद्धा माप ओलांडून थेट ओट्यावर चढली.

हेराल्ड आता फारशा कुणाला आठवत नाही. अँबेसेडर आणि फियाट यांच्या जोडीनं या देशात तिसरी गाडी होती ती ही. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीनं १९५९ साली ती काढली. आकार दिला मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं. बॉड्या बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेलेला, म्हणून कंपनीनं वेगळा चासी ठेवून त्यावर बॉडीचे तुकडे नटबोल्टनं जोडायची युक्ती काढली. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती इथं बनवली. पुढं विलायतेत त्याच चासीची लांबी कमी करून १९६२ मध्ये स्पिटफायर आली, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ती १९८० पर्यंत चालली आणि तीन लाखांवर विकली गेली. तेव्हा धारूरच्या डॉक्टरांची गाडी ही त्या नखरेल गाडीची थोरली बहीण. या नात्याचा उपयोग आम्हाला फार उशिरा झाला. स्पिटफायरवाले हौशी लोक जगभर आहेत, ते तिला मरू देत नाहीत, म्हणून हेराल्डच्या पुढच्या चाकांचे बुश आणि रबरं आजही इंग्लंडहून खोक्यातून येतात.

काकांना यातलं काही माहीत नसावं. त्यांना दोनच गोष्टी आवडल्या होत्या. एक, ती पंचवीस फुटांत वळते, म्हणजे पेठेतल्या चौकात मागं-पुढं न करता एका दमात. दुसरी, तिचं बॉनेट. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्डांसकट अख्खं नाक पुढं झुकतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. मग पुढच्या टायरवर बैठक मारून काम करायचं. काका तसे बसत, पानाचा विडा तोंडात, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारी, "काय डॉक्टरसाहेब, ऑपरेशन चालू का?" हे त्यांना भारी आवडे.

माणूस म्हणून काका उदार आणि तापट. हिशेब त्यांना कधीच जमला नाही. फीऐवजी लोक जोंधळा देत, हुलगे देत, सीताफळाची पाटी देत. पेट्रोल मात्र रोखीनं घ्यावं लागे. १९८३ मध्ये इंजिन उतरवायची वेळ आली तेव्हा काकूच्या पाटल्या गेल्या. त्या परत झाल्या नाहीत. हे आमच्या घरात गमतीची गोष्ट म्हणून सांगितलं जाई. काकू गप्प बसून भाकरी थापत असे, त्यामुळं ती गंमत आहे असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

काकू डाव्या सीटवर बसे. रात्रीची व्हिजिट आली की काका बॅग घेत, काकू कंदील, सुती धडपी आणि उकळलेल्या पाण्याची किटली. बाहत्तरच्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडून वाडी-तांड्यांना जे रस्ते काढले होते, त्यांच्यावरून हेराल्ड रात्री-बेरात्री जायची. तिथल्या बाया पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. काका दाराबाहेर उभे राहून विचारत, काकू आतून सांगे. किती बाळंतपणं काकांनी केली आणि किती काकूनं, याचा निवाडा करायचा झाला तर दवाखान्याच्या पाटीवर दोन नावं लागली असती. ती नर्सिंग शिकलेली नव्हती. पाहून, विचारून, हातानं करत शिकली. गाडीचंही तसंच. स्टिअरिंग तिनं कधी धरलं नाही, पण डाव्या सीटवर बसून तिचा कान तयार झाला. "कानाला बरं लागेना," ती म्हणे, आणि पुढच्या दोन मैलांत काहीतरी निघे. धारूरच्या घाटात तेलगावकडून चढताना गाडी तापली की खाली उतरून चाकामागं दगड ती लावायची. उन्हानं गाडीच्या पेट्रोलपंपात वाफ धरली की ओलं धडपं पंपावर गुंडाळायची. घाटात एखाददुसरं बाळंतपण गाडीतच झालं, असं घरी बोललं जाई. काकू त्यावर बोलत नसे. मागच्या सीटचं कव्हर का बदलावं लागलं, एवढंच सांगे.

काका १९९१ मध्ये गेले, झोपेत. गाडी विकायची हे घरातल्या पुरुषांनी तेराव्याच्या आतच ठरवलं होतं. काकू बोलली नाही. महिन्याभरानं तिनं काकांच्या कंपाउंडरला गाडी काढायला लावली, बीडला आरटीओत गेली आणि फॉर्म ३१ भरून दिला. मालक वारला की वारसाच्या नावावर गाडी करण्याचा तो अर्ज. आरसी बुकावर तिचं नाव चढलं. त्या वेळी शरद जोशींची लक्ष्मीमुक्ती गावोगाव चाललेली होती, बायकांची नावं सातबाऱ्यावर लावा म्हणून. आमच्या सातबाऱ्यावर एकाही बाईचं नाव लागलं नाही. घर आजोबांच्या नावावर, जमीन तिघा भावांच्या. काकूच्या नावावर जगात एकच वस्तू होती, आणि तिला चार चाकं होती. ते आरसी बुक तिनं पारलेच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्यातच विम्याच्या पावत्या आणि दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवल्याचे शिक्के.

मी तिच्याजवळ खऱ्या अर्थानं राहिले ती १९९३ मध्ये. अनंत चतुर्दशी झाली, गणपती बोळवले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून लांब, तरी वाड्याच्या माळवदातून पांढरी माती अंगावर पडली. तिकडं माणसं मेली ती याच माळवदांखाली, हे दोन दिवसांत कळलं. मग सगळा मराठवाडा बाहेर झोपायला लागला. अंगणात, खळ्यावर, बसस्टँडवर. काकूनं कंपाउंडरला हाक मारून हेराल्ड ढेळजेतून काढली, खंडोबाच्या माळाला नेऊन उभी केली आणि मला घेऊन तिच्यात झोपली. मी मागच्या सीटवर, ती पुढच्या दोन सीटांवर आडवी, मधे हँडब्रेकवर उशी. दिवसा तीच गाडी जुनी लुगडी, औषधं आणि भाकरी घेऊन औश्याकडं जाई, रात्री माळावर येई. हादरे येतच राहिले. गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरत आणि काकू अर्धवट झोपेत म्हणे, "काही नाही, मागचा पाटा आहे." हेराल्डला मागं एकच आडवा पाटा असतो, या चाकापासून त्या चाकापर्यंत. हे मला नवव्या वर्षी कळलं, भूकंपाच्या धास्तीत.

२००४ च्या सुमारास गाडी थांबली. कंपाउंडर थकले होते, चाकांचे ब्रेक धरत नव्हते, पार्ट मिळत नव्हते. काकूनं गाडी दगडांवर उचलून ठेवली, टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून. मग ती ढेळजेत घरातलं कपाट झाली. डिकीत सीताफळांची आढी लागे. बंद गाडीत ऊब धरते, दोन दिवसांत फळ डोळा उघडतं. बालाघाटच्या सीताफळांना पुढं जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, डिकीत पिकवून बघा."

एप्रिल २०२१ मध्ये ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात कोरोनानं गेली. तेव्हा रोज माणसं जात होती. देह घरी आणता येत नव्हता. दादा, म्हणजे तिचा मुलगा, बंगळुरात अडकलेला, मी पुण्यात. नियमाप्रमाणे जे व्हायचं ते दुसऱ्यांच्या हातून झालं. दहावा झाला, पण दहाव्याला माणसं नव्हती. जिनं तालुक्यातल्या निम्म्या घरांत उकळतं पाणी नेलं, तिच्यासाठी घाटावर भटजी धरून चार जण. लोकांना कळवायचं तरी कसं? वाडी-तांड्यांवरची बहुतेक माणसं तेव्हा ऊसतोडीहून परतत होती, आणि परतलेल्यांना शिवेवरच अडवत होते. त्या वर्षी इतकी माणसं गेली, की कोण गेलं हे विचारायचंसुद्धा लोकांनी सोडून दिलं होतं.

पुढच्या वर्षी वाड्याच्या वाटण्या निघाल्या. हेराल्ड भंगारात द्यावी असं सगळ्यांचं मत. दादानं ना-हरकत सही करून दिली, वर म्हणाला, "ताई, तुला हौस असेल तर कर. पण पैसे बुडवशील." पैसे बुडाले, हे इथंच सांगून टाकते.

मिस्त्री अंबाजोगाईचे. वय झालेलं, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. तरुणपणी हैदराबादच्या गॅरेजात त्यांनी हेराल्डवर हात बसवलेला. ढेळजेत आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलं वाक्य बोलले, "बेटा, चावी को हात लावायचा नाय."

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला स्टार्टर मारणं हा गुन्हा आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जबरदस्ती केली की तुटतात. आधी चारही प्लग काढायचे, भोकांतून तेल सोडायचं आणि वाट बघायची. इंजिनानं तेल पिऊ दे, मग हातानं फिरव. मिस्त्रींनी दोन-चार दिवसांनी पंख्याला हात लावला, आणि पंखा फिरला. सहज. ते माझ्याकडं बघत राहिले. "किती साल उभी बोलली तू?" पुन्हा फिरवला. "कोण फिरवत होतं मग?"

त्याचं उत्तर त्याच पारलेच्या डब्यात निघालं. एक दूधवाल्याची डायरी, तिच्यात काकूचं घरखर्चाचं बारीक अक्षर. साखर, काडेपेटी, जोंधळ्याचं दळण. आणि दर दसऱ्याला एक ओळ: 'गाडी. भोकात तेल. पंखा २१ वेळा. पुढच्या चाकात ९० नंबर.' साल बदलतं, ओळ तीच. शेवटची ओळ २०२० ची, तिचं अक्षर तिथं थरथरलेलं आहे. कंपाउंडरच्या मुलाला मी विचारलं. तो म्हणाला, दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बाई प्लग काढायला लावायच्या. पुरणपोळी त्यानंतर.

'पुढच्या चाकात ९० नंबर' याचा अर्थ मिस्त्री जमिनीवर आडवे होईपर्यंत मला लागला नाही. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा सगळा भार खाली एका पितळी सांध्यावर असतो. चाकाचा पोलादी दांडा त्यात आट्यांनी बसवलेला, स्टिअरिंग वळलं की त्या आट्यांवरच फिरतो. त्याला ट्रुनियन म्हणतात. त्याला ग्रीस चालत नाही. गिअरचं तेल लागतं, नव्वद नंबर, तेही वरचेवर. ग्रीस आत वाळून घट्ट होतं, पाणी मुरतं, पोलाद गंजतं, आणि एके दिवशी वळणावर दांडा कट्‌कन मोडून चाक आडवं होतं. स्पिटफायरवाले या एका सांध्याच्या धाकात जगतात. आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनी मात्र सवयीनं सगळीकडं ग्रीसगन लावली, आणि हेराल्डला नाव ठेवलं, हिची चाकं निखळतात. मिस्त्रींनी छोटा बोल्ट काढला, बोट घातलं, बोटाला तेल आलं. काळंभोर, पण पातळ. त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं, वास घेतला, आणि मग गाडीखाली पडल्या पडल्याच म्हणाले, "भाभींना कुणी सांगितलं होतं हे?"

कुणी सांगितलं असेल? काकांनी नसावं. काका ग्रीस लावणाऱ्यांतले.

एवढं सोडलं तर बाकी सगळं गेलेलं होतं. कुणी वाहनाची भक्ती केली म्हणून गंज सोडत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. चारही चाकांच्या सिलिंडरांत पिस्टन गंजून जाम झालेले. क्लचप्लेट चिकटून बसलेली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, टायर चिरलेले, काकूच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबला तर आत जाई. सीट उचलली तेव्हा खाली सीताफळाच्या बियांचा थर निघाला, काळ्या, चकचकीत. पेट्रोलची टाकी उघडली आणि वार्निशासारखा उग्र वास सगळ्या वाड्यात भरला. टाकी उतरवून आत बारीक खडी घातली, कंपाउंडरच्या मुलानं ती दुपारभर घुसळली, तेव्हा कुठं गंज सुटला. हेराल्डच्या टाकीवर डिकीत एक लहानशी कळ असते, पेट्रोल संपलं की ती फिरवायची आणि तळातलं राखीव मिळतं. कळ फिरवलेली होती. २००४ मध्ये गाडी ढेळजेत आली ती राखीववर.

पेट्रोलपंपाचं रबर सगळ्यात छळलं. नवं बसवलं, महिन्या-दीड महिन्यात फुगलं. मिस्त्री म्हणाले, "पेट्रोल बदल गया." खरंच बदललं आहे. शिसं २००० मध्ये गेलं. २०२२ पर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, आता वीस टक्क्यांपर्यंत गेलं. तेव्हा हे इथेनॉल बरंचसं उसातून निघे, आणि ऊस तोडायला आमच्याच धारूर, वडवणी, केजची माणसं जातात. त्यांनी तोडलेल्या उसाचा अर्क हेराल्डच्या पंपाचं रबर खात होता. अर्थशास्त्राचे लोक या साखळीला काहीतरी छान नाव देतील. आम्ही शेवटी वेगळ्या रबराचा पडदा मागवून घेतला.

इंजिन पहिल्यांदा लागलं त्या क्षणाचं वर्णन मी करत नाही. धूर झाला, कबुतरं उडाली, शेजारच्या आजी "आग, आग" म्हणून ओरडल्या. खरं काम त्यानंतर होतं. गाडी चालवणं सोपं, थांबवणं कठीण. ब्रेक मिस्त्रींच्या मनासारखे होईपर्यंत त्यांनी मला पेठेबाहेर जाऊ दिलं नाही.

आरटीओच्या बाबतीत घरात वाद झाला. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये नवा नियम आला आहे. वीस हजार रुपये भरायचे, नंबरपाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची. पण अशी गाडी रोजच्या रस्त्यावर न्यायची नाही. मिरवणूक, प्रदर्शन, फारतर पेट्रोल भरायला. दादाला ते पटत होतं. मी नेहमीची नोंदणीच वाढवायची ठरवली. त्याचे तेव्हा पाच हजार, वर उशिराचा दंड. जुनी तीन अक्षरी पाटी राहिली आणि गाडीला कामावर जायची मुभा राहिली. बीडला जावं लागलं नाही, अंबाजोगाईला आता एमएच ४४ चं स्वतःचं कार्यालय आहे. आडसमार्गे गेले. साहेबांनी चासी नंबर खरवडून बघितला, दिवे बघितले, मैदानात ब्रेक दाबायला लावला. आधीच्या मालकाच्या रकान्यात काकूचं नाव बघून विचारलं, "या चालवायच्या का?" मी म्हटलं, "नाही, सांभाळायच्या."

तेव्हापासून सुरू झालं. मी गाडी उभी केली की माणसं येत. पुरुष म्हणत, "अरे, डॉक्टरांची गाडी!" आणि काकांचे किस्से सांगत, विड्याचे, शिव्यांचे. मी ऐकून घेई. बायका जरा वेळानं येत. त्या गाडीच्या डाव्या बाजूला जात, रिकाम्या सीटकडं बघत आणि मग विचारत, "बाई?" त्यांना ठाऊकच नसे. बाजारात भाजी घेऊन बसलेल्या एकीनं तिथंच, कोथिंबिरीच्या ढिगाशी, पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या आठवड्यात ती सुनेला घेऊन वाड्यावर आली. मग आणखी कुणी. दोन वर्षं उशिरा घरात सांत्वनाला माणसं येऊ लागली. ओट्यावर सतरंजी घातलेलीच राहू लागली. चहाला दूध पुरेना.

दसऱ्यानंतरची गोष्ट. तेलगावहून परत येताना घाटात गाडी तापली. ऊन नव्हतं फारसं, तरी पंपात वाफ धरली. एका सपाट वळणावर बाजूला घेतली. मी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, बॅटरीही बसली. समोरून टोळ्या उतरत होत्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, पोरं, कोपीचे बांबू, आणि सगळ्याच्या वर बाया. एक ट्रॅक्टर थांबला. पाणी मागायला मी गेले तेव्हा ट्रॉलीवरून एक म्हातारी आधीच खाली उतरत होती. साठीच्या पुढची. तोडायला नव्हे, पोरीची लेकरं सांभाळायला निघालेली.

"बाईंची गाडी नव्हं का ही?"

"हो. मी त्यांची पुतणी."

तिनं खिडकीतून हात घातला आणि मागच्या सीटवर फिरवला. "माझी थोरली हिच्यातच झाली. खालच्या वळणाला. दिवाबत्ती काई न्हवतं, बाईनं कंदील दातात धरला व्हता." मग माझ्याकडं वळली. "कशा हायेत?"

मी सांगितलं. कोरोनात गेल्या, आता दोन वर्षं झाली.

ती काही वेळ बोलली नाही. मग एकदम चिडली. "आन् आमाला कुनी कळवलं न्हाई? आमी काय मेलो व्हतो का? दहाव्याला आलो असतो की." माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं वरच्या पोरीला ओरडून हंडा खाली मागितला, स्वतःच धडपं भिजवलं आणि मला विचारलं, "कुठं गुंडाळायचं?" मी दाखवलं. पाच-सहा जणी उतरल्या. मुकादम हॉर्न वाजवत सुटला, कारखान्यावर उद्या पोचायचं म्हणून. म्हातारी त्याच्याकडं बघून ओरडली, "थांब की रं! बाईंची गाडी हाय." त्यांनी मागून रेटा दिला, मी दुसऱ्या गिअरला क्लच सोडला, गाडीनं दोन गचके खाल्ले आणि इंजिन लागलं.

ती परत ट्रॉलीवर चढली. ट्रॅक्टर सुटायच्या आत तिनं कमरेचा फोन काढून थोरलीला लावला होता, आणि त्या दोन इंजिनांच्या आवाजावर आवाज काढून सांगत होती, "अगं, बाई गेल्या! आपल्या बाई! न्हाई, आत्ता न्हाई, कवाच गेल्या!"